शाळेची खिचडी आणि तुझं अंग

माय, परवा चंद्रपूरला साखरेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. वजन पाहून त्या काही बोलायच्या आधीच मी म्हटलं, "मॅडम, मी दोनच वेळा जेवतो, खोटं नाई बोलत." त्या हसल्या नाहीत. घरात अजून कोण जाड होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी तुझं सांगितलं. बहीण बाबांवर गेली, काडीसारखी. आम्ही दोघी बहिणी एकाच चुलीवरच्या एकाच गंजातला भात खाऊन वाढलो, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, आईबापाकडून येणाऱ्या जनुकांमध्ये बारीक बारीक फरक असतात, पुष्कळ माणसांत असतात. एकेकाचा परिणाम थोडासाच. पण कुणाच्या वाट्याला असे बरेच येतात. त्यांना भूक जास्त लागते, पोट भरल्याचं उशिरा कळतं. सगळं त्यावरच ठरतं असं नाही, पण सगळ्यांना सारखं सोपंही नसतं.

मी ऐकत होते आणि मला सावली तालुक्यातल्या आपल्या गावातली शाळा दिसत होती. मी सातवीत आहे. तू शाळेमागच्या चुलीवर पोरांची खिचडी शिजवतेस. त्या महिन्यात तांदूळ कमी भरला आणि शाळा समितीची सभा बसली. वर्गाच्या खिडकीशी उभी राहून मी ऐकते आहे. अध्यक्ष म्हणतात, "मास्तर, या बाईचं आंग पाहा ना. हे का घरच्या भाताचं आंग हाये?" सगळे हसतात. गावात बाकीच्या बाया धानाची रोवणी करून करून वाळलेल्या, त्यांच्यात तू एकटीच अशी. तू पदर सावरत उभी राहतेस. "भाऊ, मी घरीच जेवतो. भूक लागते मले, मंग खातो. पण पोराइच्या तोंडचा घास मी नाई खाल्ला." कुणी ऐकलं नाही. चोरीचा पुरावा तुझ्या अंगावरच होता, सगळ्यांना दिसत होता.

तुझ्या जागी एक बारीक बाई आली. तिच्या वेळीही तांदूळ कमी भरला. तेव्हा पोतंच कमी आलं असेल, असं ठरलं.

मग तू एक वेळ जेवायला लागलीस. दुपारी भूक लागली की पाणी पिऊन बांधावर बसून राहायचीस. मी एकदा विचारलं, "काऊन वं माय, जेवत काऊन नाई?" तू म्हणालीस, "थोडी बारीक झाली की लोकं समजतीन." थोडी उतरलीस, पुन्हा भरलीस. एका उन्हाळ्यात साखर वाढून गेलीस तेव्हाही तशीच होतीस. तिरडी उचलताना कुणीतरी खिचडीवरून बोललंच.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "रक्त तपासून लिहून देता येते का, का माझ्या मायचं हे आंगातलंच होतं म्हणून?" त्या म्हणाल्या, एकेका माणसाबद्दल असं ठामपणे लिहून देता येत नाही. जिवंत माणसाबद्दलही नाही. आणि आता कुणाला दाखवणार होते मी? ते अध्यक्षही गेले.

राजुऱ्याच्या घरी माझी पोरगी अकरा वर्षांची आहे. काल तिनं तिसऱ्यांदा भात मागितला आणि मी गंजावर झाकण ठेवलं. ती म्हणाली, "मले भूक हाये ना, माय." मी म्हटलं, पाणी पी. डॉक्टरीणबाईंकडून सगळं समजून आल्यावर दुसऱ्याच दिवशी हे मी केलं.

हा कागद मी फाडणार आहे, तिच्या हाती लागायला नको. पण त्याआधी एक सांगते. सभेच्या दुसऱ्या दिवशी तू वावरात गेल्यावर मी घरातलं एकेक मडकं उघडून पाहिलं होतं, तुझी पेटीसुद्धा. शाळेचा दाणाही सापडला नाही. तरी माझ्या मनातला संशय गेला नाही, माय. परवापर्यंत होता.