दुसरा ट्रान्सफॉर्मर

२८ ऑक्टोबर २००३, मंगळवार

सूर्यावर स्फोट. आज दुपारी, आपल्या वेळेने पावणेपाचच्या सुमारास. ऑफिसच्या नेटवर यानाने काढलेला फोटो उघडेपर्यंत चहा निवला. डाग पृथ्वीच्या कितीतरी पट मोठा, आणि नेमका आपल्यासमोर. त्यातून निघालेला कणांचा ढग उद्या इथे पोचेल.

ज्ञानेशला मेल केली : उद्या रात्री बाहेर जाऊन आकाश बघ.

तो ऑगस्टपासून उत्तर नॉर्वेतल्या एका लहानशा गावात आहे. आमच्या कारखान्याचे दोन ट्रान्सफॉर्मर तिथे बसवलेत – जुळे, एकाच महिन्यात बनवलेले. इथे चाचणी मी केली, तिथे चालवतो तो. एवढाच संबंध.

२९ ऑक्टोबर

फोन नाही. आईने विचारलं, कोणाची वाट बघतेस? म्हटलं, कोणाची नाही.

३० ऑक्टोबर

सकाळी ज्ञानेशचा फोन कारखान्यात आला. आवाज तुटत होता. म्हणाला, आधी ढगच वाटला, राखाडी. मग हिरवा झाला. मग पडदा हलावा तसा हलायला लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अजिबात आवाज न करता. सगळ्यात वर लाल. गावातले लोक लहान मुलांना घोंगड्यात गुंडाळून बाहेर आले होते.

मग म्हणाला, ‘आणि पाठीमागे आपला ट्रान्सफॉर्मर ओरडत होता.’

कसा ओरडत होता, विचारलं. नेहमीची गुणगुण नाही. जाड, खरखरीत. दहा-पंधरा मिनिटं, मग गप्प, मग पुन्हा.

मी मूर्ख! त्याला आकाश बघायला सांगितलं. जमिनीचं सांगायला हवं होतं.

३१ ऑक्टोबर

पहिला ट्रान्सफॉर्मर गेला. काल रात्री पुन्हा वादळ होतं. तेलात गॅस झाला, रिलेने ट्रान्सफॉर्मर लाइनवरून तोडला. ज्ञानेश त्याच वेळी टाकीजवळ तापमान लिहून घेत होता. त्याला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही – तीन वेळा विचारून घेतलं.

आता गावाचा सगळा भार दुसऱ्यावर.

गायधनी साहेबांच्या केबिनमध्ये फळ्यावर काढून दाखवलं. सूर्याकडून येतो तो विद्युतभारित कणांचा ढग. त्याच्यासोबत त्याचं चुंबकीय क्षेत्रही असतं. ते पृथ्वीच्या क्षेत्राला उलटं पडलं की दार उघडतं, आणि पृथ्वीच्या क्षेत्रातले कण रेषांवरून ध्रुवांकडे खाली उतरतात. शंभरेक किलोमीटरवर ऑक्सिजनला धडकले की हिरवा प्रकाश, त्याहून वर लाल. हा झाला अरोरा. पण तिथे वर प्रचंड करंटही वाहतो, आणि तो कमीजास्त होतो. त्याने जमिनीत व्होल्टेज तयार होतं. आपल्या ट्रान्सफॉर्मरचं न्यूट्रल टोक जमिनीला जोडलेलं. तिथून तो करंट वर चढतो, जवळजवळ डीसी. कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, चुंबकत्वाने एका बाजूला भरून जातो. आवाज, उष्णता, गॅस.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘दीपमाला, गिऱ्हाइकाला काय कळवू? सूर्यनारायण कोपले?’

३ नोव्हेंबर

चौकशी सुरू. बनावटीत काय चुकलं ते शोधायचं. माझा चाचणीचा अहवाल दोनदा तपासला. तपासू देत, त्यात मोजलंय तेवढंच लिहिलंय.

मग साहेब कॉइल गुंडाळणाऱ्या, वाइंडिंगच्या बायकांकडे गेले. आत काही राहिलं होतं का? धागा, चिंधी, वायरचा तुकडा? गेल्या वर्षीच्या दसऱ्याला दोन्ही कोअर फ्लोअरवरच होते, पूजा झाली होती. हार कोणी बांधले? कशाने बांधले? कलाबाई म्हणाल्या, हार मीच बांधले, पांढऱ्या दोऱ्याने, आणि मीच सोडले.

कलाबाई इथल्या सगळ्यात जुन्या. पेठ तालुक्यातल्या, आता सातपूरला राहतात. त्यांनी गुंडाळलेली कॉइल मी कधी परत पाठवलेली नाही. हे त्यांना कधी सांगितलंही नाही.

५ नोव्हेंबर

काल आणखी एक स्फोट. मोजणारी उपकरणंच आंधळी झाली, इतका मोठा. पण डाग तोपर्यंत सूर्याच्या कडेला पोचला होता. ढग बाजूला गेला. आता डाग मागे गेलाय.

जेवणाच्या सुट्टीत कलाबाई डबा घेऊन माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, डाग गेला म्हंता, मग चेहरा असा का? मी त्यांचंच वायरचं बॉबिन दाखवलं. त्यावर खडूने खूण केली आणि फिरवलं. खूण मागे गेली, पुन्हा पुढे आली. सूर्यही असाच फिरतो, साधारण सत्तावीस दिवसांत एक फेरी. अठरा तारखेच्या आसपास डाग परत या बाजूला.

त्यांनी बॉबिन स्वतः एकदा फिरवून बघितलं. मग विचारलं, तिकडे उजेड का पडतो? ट्यूबलाइट दाखवली. नळीतल्या विरळ वायूतून वीज गेली की तो उजळतो. तिथे नळी नाही, आकाशच आहे.

‘म्हंजी आभाळाची ट्यूब लागती, आन् करंट बसतो आपल्या पोराला.’

ट्रान्सफॉर्मरला, म्हटलं. ज्ञानेश इथे असताना रोज त्यांच्या डब्यातली नागलीची भाकरी पळवायचा. मावशी म्हणतो त्यांना.

१२ नोव्हेंबर

दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना आला. गॅस वाढलाय. धोक्याच्या खाली आहे, पण वाढलाय. म्हणजे ऑक्टोबरच्या वादळात त्यालाही मार बसलेला आहे, एवढंच की तो टिकला. पुन्हा तसंच झालं तर टिकेल का, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. टाकीत हजारो लिटर तेल. भडकलं तर –

ज्ञानेशला फोनवर सांगितलं, वादळात जवळ जाऊ नकोस. म्हणाला, दर तासाला रीडिंग घ्यायला माणूस लागतोच, आणि पहिला गेल्यापासून तिथल्या लोकांचं म्हणणं, तुमचा ट्रान्सफॉर्मर, तुमचा माणूस. बंद करायला सांग, म्हटलं. शेजारच्या गावावरून लाइन आहे. सांगितलं म्हणे. ती लाइन अपुरी पडते, निम्म्या घरांचे हीटर पाळीपाळीने बंद ठेवावे लागतील. उणे बारा आहे तिथे. एका डागासाठी ते तयार नाहीत. कारखान्याने लेखी कळवलं तरच.

‘तू काळजी करतेस का?’ हसत विचारलं त्याने.

लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर

गायधनी साहेबांशी भांडले. भांडले म्हणजे मी हळू आवाजात बोलत राहिले आणि ते मोठ्या.

माझं म्हणणं एकच. दुसरा ट्रान्सफॉर्मर अठरा ते पंचवीस बंद ठेवा असं कळवा. त्यांनी विचारलं, वादळ येणारच? येऊ शकतं, म्हटलं. येणारच का? नाही सांगता येत. डाग दिसल्यावर, स्फोट झाल्यावर सांगेन. तेव्हा फार तर दोन दिवस हातात असतील.

‘येऊ शकतं यावर मी गावभर लोकांना थंडीत बसवू? उद्या तू म्हणशील, शुक्र वक्री आहे. मला दोष दाखव. नट दाखव, तार दाखव. लगेच कळवतो.’

दोष नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मर बरोबर बनलेत. हे मी दुसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी हात जोडले, म्हणजे जा.

बाहेर कलाबाई उभ्या होत्या. काचेतून सगळं ऐकू जातं.

१६ नोव्हेंबर

सूर्याच्या पूर्वेच्या कडेवरून ज्वाळा वर येताना दिसतायत. डाग अजून पलीकडे आहे. जिवंत आहे.

झोप नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कलाबाईंनी मला चाचणीच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं. पदर हातात घट्ट धरलेला.

‘ताई, दोरा नव्हता त्या दिवशी. संपला व्हता. मी वायर घेतली, बारीक. हार सोडलं तवा ती आत सरकली. दोन्हीत. मला निघंना. मी कुनाला बोलले नाय.’

मी विचारलं, कुठली वायर? इनॅमलची. कुठे सरकली? कोअर आणि तो आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या मध्ये.

सगळं बसतं. वायरवर इनॅमलचं, वीज अडवणारं आवरण होतं म्हणून माझ्या चाचणीत सापडली नाही. वादळात कोअर तापला, इनॅमल जळालं, वायर उघडी पडली, कोअरला दुसरं अर्थिंग मिळालं, करंट फिरायला लागला. मी दोन आठवडे सूर्याची बाजू मांडते आहे, आणि आत हार बांधायची तार! इतकं नीट बसलं की राग आला. तोपर्यंत मला कधी त्यांचा राग आला नव्हता.

म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलं? तिथे माणूस उभा आहे. त्या खाली बघत म्हणाल्या, ‘म्हनून तर आले.’

दहाव्या मिनिटाला मी साहेबांच्या टेबलासमोर होते.

१८ नोव्हेंबर

काल संध्याकाळीच फॅक्स गेला. ‘निर्मितीतील दोष आढळला. दुसरा ट्रान्सफॉर्मर ताबडतोब बंद करावा.’ आज दुपारी त्यांनी बंद केला. एक ओळ पुरली.

कलाबाईंना घरी पाठवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत यायचं नाही. अहवाल मी लिहिला. त्यांचं नाव, विभाग, काय राहिलं, कुठे राहिलं. वाइंडिंगमधली मंगलाबाई त्यांचा डबा आणि चपला गेटपर्यंत घेऊन गेली. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

डाग या बाजूला आलाय. आज दुपारी स्फोट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारपासून वादळ. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आलेख खाली खाली जातोय, ऑक्टोबरच्याही खाली. वहीत आकडे उतरवायला बसले आणि हात थांबला. बंद आहे. बंद आहे. ज्ञानेशने स्वतः सांगितलंय.

साहेब दोनदा टेबलाशी येऊन गेले. दुसऱ्यांदा आलेखाकडे बघत उभे राहिले.

२१ नोव्हेंबर

ज्ञानेशचा फोन. ठीक आहे.

म्हणाला, या वेळी लाल. अर्धं आकाश लाल, जास्वंदीसारखं. खाली बर्फही लाल दिसत होता. यार्डात अगदी शांत. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला टेकून बघत होतो. शेजारच्या गावाकडचा एक ट्रान्सफॉर्मर मात्र गेला. दुसऱ्या कंपनीचा, नवा कोरा.

नवा कोरा. हे वाक्य दिवसभर डोक्यात.

२६ नोव्हेंबर

तेल काढून ज्ञानेश दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत उतरला. आरसा, टॉर्च, सगळा क्लॅम्प पाहिला. वायर नाही. कोअरचा इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजला. उत्तम, कोअर कुठेच चिकटलेला नाही. आजच पहिल्यातही पाहून घेतलं. कॉइलवरचा कागद करपलाय, कोअर तापून काळा पडलाय. वायर नाही.

साहेब म्हणाले, वितळून गेली असेल. वितळली तरी डाग राहतो, म्हटलं. ते म्हणाले, गिऱ्हाईक समाधानी आहे, नवा क्लॅम्प बसवेपर्यंत दोन्ही बंद राहतील, तू आता खोलात जाऊ नकोस.

दुसरा तर तार वितळण्याइतका तापलाच नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार

सातपूरला गेले. कलाबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच विचारलं, वायर होती का?

‘नव्हती. दोराच व्हता.’ सूप खाली ठेवलं. ‘ताई, तुम्ही पंधरा दीस सूर्य सूर्य करत व्हता. त्याचं कोन ऐकत व्हतं? माझी चूक म्हटल्यावर सायबानं सांजच्याला फॅक्स केला.’

मी म्हणाले, उद्याच साहेबांना सांगते. अहवाल मागे घेते. त्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. पोरगा कधी येतोय, विचारलं. वीस डिसेंबरला. त्यांनीच पुढे विचारलं, डाग कधी फिरून येतोय? त्याच्या आधी, पंधराला.

‘मंग खरं सांगितलं की चालू करतील का नाय?’

करतील. दोष नाही म्हटल्यावर लगेच करतील. थंडी आहे तिथे.

‘मंग तो घरी आला की सांगा.’

या एका अहवालाआधी मी न मोजलेलं काही लिहिलेलं नव्हतं. वीस डिसेंबरला तो उतरला की त्याच दिवशी खरं लिहीन, खाली माझी सही.

तोपर्यंत वायर होती.