म्हशीच्या आडून

४ डिसें., नरडाणा
धुळ्याच्या डॉक्टरांनी आबांना, माझ्या वडलांना, स्पष्ट सांगितलं: हृदयाची झडप बदला, लांबवलं तर जिवावर बेतेल. आबांचं एकच, नही. मी जळगावात संभाषणकलेचे क्लास घेतो. लॅपटॉप उघडला. आकृत्या, फायदे, सगळं मुद्देसूद. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. "चांगलं व्हतं तुनं भाषन. आते चहा पी ले." विषय संपला.

५ डिसें.
पुन्हा प्रयत्न. आवाज चढला माझा. आबा उठून शेतात. क्लासच्या पोरांनी बघितलं असतं तर फी परत मागितली असती.

७ डिसें.
माझी बायको रेखा लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी थेट बोललेली नाही. आमच्याकडे अजून तसंच. आई होती तोवर आईमार्फत, ती गेल्यापासून म्हशीमार्फत. ही म्हशीला सांगते, जेवण झालंय. आबा म्हशीलाच सांगतात, येतो. मी हसायचो.

आज धार काढता काढता म्हशीला म्हणाली, "इचार वं आबास्ले, भ्याव कसानं वाटस?"

भीती कशाची, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

रेखा धार काढत राहिली. तिच्या जागी मी असतो तर मध्ये चार वाक्यं घुसडली असती. मग आबा, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून: "म्हातारीले आत लई गयात, मंग एक शबद बोलता उना नही. तसं नको." आईचं बोलत होते; ती ऑपरेशनमधून परत आली नव्हती.

रेखा म्हशीला: "सांग आबास्ले, जे बोलनं शे ते बठ्ठास्ले बोली ल्या. मंगच जाऊत."

मी दाराआड. ही बाई माझ्याच घरात राहते.

१० डिसें.
आबा सगळ्यांशी बोलत सुटलेत. शेजारच्या नानांशी बांधावरून जुना अबोला. आज त्यांच्या ओट्यावर बसून शेंगा खाल्ल्या दोघांनी. माझं लहानपण आठवून मला म्हणाले, "धाकलपने तू कमी बोले. बेस बोले." संध्याकाळी म्हशीला कळवलं, धुळ्याला जायचं.

१५ डिसें., धुळे
आत्ता आत नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आबांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं. मी पुढे झालो, पण त्यांना मी नको होतो. रेखाकडे बघून, थेट: "पोरी, तुले सांगानं राही गयं. ते वापस ईसन सांगसू."

"हो आबा," ती म्हणाली. पदराचंही भान नव्हतं तिला.

दार लागलं. बाकी काही कळायला मार्ग नाही. रेखाला म्हटलं, खाली चल, चहा घेऊ.

ती दारासमोरच्या बाकावर बसली. "तुम्ही जा. मी आठेच बठस. आबास्नं ऐकनं शे."