कॅमेऱ्याचा डबा

१० जून २००७, रविवार
गेल्या वर्षी त्या सकाळी मी मटकी निवडत होते. दूध उतू जाईल म्हणून एक डोळा गॅसवर. हे नवा कॅमेरा घेऊन मागे मागे. पदर खोचलेला, केस विस्कटलेले. म्हटलं, असे फोटो कुणी काढतं का? "मग कसे काढतात?" म्हणाले आणि काढतच राहिले. मटकी, दूध, धुण्याची बादली, मी. नऊ फोटो. कार्ड घ्यायचं होतं अजून, म्हणून ते कॅमेऱ्याच्याच मेमरीत राहिले. पुढच्याच आठवड्यात हे गेले. फोटोत ते कुठेच नाहीत. पण मी ज्यांच्याकडे बघून वैतागलेय ते हेच.

आज मनीने तोच कॅमेरा मागितला. एम.एस्सी.चं काम. चार महिने इगतपुरीकडे राहायचं, भातावरचे रोग बघायचे, फोटो काढायचे. फोटो नसतील तर प्रोजेक्ट नाही, असं सर म्हणतात. आणि तिकडचा पाऊस...
मी नाही म्हणाले. कॅमेऱ्याला. खरं तर तिच्या जाण्यालाच. लेक एकच, ती गेली की घरात मी एकटी.

१३ जून, बुधवार
मनी बोलत नाही. जेवते, ताट उचलते. शेवटी म्हटलं, थेंबभरही पाणी शिरणार नाही असं कव्हर मिळालं तर ने. मिळणार नाही असं धरून चालले होते.

मेनरोडला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. चेनचा मऊ पाउच पहिल्यांदा दाखवला. चेनमधून पाणी जाणार हे मलाही कळतं. मग जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला दाबपट्टी. मग कडक पारदर्शक डबा, झाकणाला रबराची रिंग, कॅमेरा आत ठेवूनच फोटो काढता येतो. आपला कॅमेरा लहान, डब्यात थोडी जागा उरते. दुकानदाराला म्हटलं, दोन्ही घरी नेते, पाण्यात बुडवून बघते, एक परत आणते. "काकू, साडीपण आधी धुऊन बघता का?" म्हणाला. पण दिलं.

१४ जून, गुरु.
दोन्ही दिवसभर बादलीत, वर वरवंटा. आत एकेक भाजलेला पापड. दमट हवा पापडाला लगेच कळते. संध्याकाळी काढलं. पिशवीतला वातड. डब्यातला कडकडीत. मनीने तिथेच मोडून खाल्ला आणि हसली. किती दिवसांनी. मला हसू आलं नाही. डबा पास, म्हणजे ती जाणार.

१७ जून, रवि.
वसंतभाऊजी आले. धाकटे दीर, पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकिंग हाऊसवर सुपरवायझर. विचारलं, डब्यातल्या मोकळ्या जागेत ओल धरली तर? त्यांनी गाडीतून द्राक्षाच्या पेटीत घालतात ते कागद आणून दिले. "वहिनी, ह्या कागदावर आपली द्राक्षं महिनाभर बोटीत राहत्यात, सडत नाय. कॅमेऱ्याला काय होतंय?"
पटलं. एक कागद मापाने कापून डब्याच्या तळाशी बसवला. मनीला बजावलं, काढू नकोस. ती उद्या जाते.

८ जुलै, रवि.
मनी आली. कॅमेरा चालूच होत नाही. लेन्स अर्धी बाहेर अडकलेली.
"आई, मी पावसात डबा उघडला होता. बॅटरी बदलायला."
नऊ फोटोंचं तिला माहीत आहे. जेवली नाही. डब्याला काडेपेटीसारखा वास येतोय.

१० जुलै, मंगळ.
रिपेअरवाल्याकडे एकटीच गेले. त्याने उघडून दाखवलं. आतलं तांबं हिरवं-काळं. म्हणाला, हे पाणी नाही. आत काही केमिकल ठेवलं होतं का? कागद दाखवला. वास घेतला त्याने. गंधकाचा आहे, ओल लागली की वायू सोडतो. त्याने द्राक्षं टिकतात, धातू टिकत नाही. "डबा चांगला निघाला हेच वाईट झालं, काकू. वायूला बाहेर जायला जागाच नाही." फोटो? मुंबईला पाठवून बघावं लागेल, खात्री देत नाही. विचार करून सांगते म्हणाले, कॅमेरा तिथेच ठेवून आले.

घरी मनी वाट बघत होती. प्रोजेक्ट सोडते म्हणाली, उद्या सरांना फोन करते, नाशकातच काहीतरी बघते. "बाबांनी काढलेले फोटो घालवून मला तिकडे भात बघवणार नाही."
मी गवार मोडत होते. मोडत राहिले. ती घरी राहणार. मला हवं होतं तेच. कागदाबद्दल एक शब्द बोलले असते तर...

१२ जुलै, गुरु.
काल सकाळी चहा ठेवायच्या आधी मनीला कागदाचं सांगितलं. तुझ्या हातून काही झालेलं नाही, मी ठेवलेल्या कागदाने झालं. रिपेअरवाल्याकडेच कळलं होतं, तू राहावीस म्हणून गप्प बसले, तेही सांगितलं.
"रात्रभर मी रडत होते. तू ऐकत होतीस?"
हो म्हणाले.
तिने सरांना फोन केला, येतेय म्हणाली, कॉलेजचा कॅमेरा मिळेल का विचारलं. बघू म्हणाले ते. डबा स्वतः साबणाने धुतला, पुसून बॅगेत टाकला. कधी येशील विचारलं, तर बॅगेची चेन ओढली. स्टँडवर सोडायला नको म्हणाली. तरी गेले. गाडी सुटल्यावर रिपेअरच्या दुकानात जाऊन कॅमेरा मुंबईला पाठवायला सांगून आले.