कुलूप लावलेली घरं

आल्हाद,

'प्रिय' लिहून खोडलं. उद्या नाशकात माझा सत्कार आहे, समाजशास्त्राचं संशोधन बातमीत आणणारी पहिली बाई म्हणून. मानपत्रात बातमी कुठली, तर तुझ्या सर्वेक्षणाची: 'सुरगाण्यात स्थलांतर फक्त चार टक्के'.

परवा तू सर्वेक्षण केलेल्या सुरगाण्यातल्या एका पाड्यावर गेले होते. तिथली सिंधुबाई म्हणाली, "तुमची माणसं आली तवा आमी द्राक्षाच्या कामाला गेलेलो. घराला कुलूप." तुझ्या विद्यार्थ्यांनी बंद घरं सोडून दिली आणि जे घरी सापडले त्यांनाच विचारलं, गाव सोडून जाता का? वा रे संशोधन! आईबाप कामाला गेल्यावर मुलांना ठेवायला वसतिगृह मागितलं होतं पाड्यातल्या लोकांनी. माझ्या बातमीचं कात्रण दाखवून ते नाकारलं गेलं.

बंद घरांचं काय केलंस, हे मी तेव्हाच विचारलं होतं. "सरोज, तुला त्यातलं कळत नाही," म्हणालास. मंत्र्यांना एकच प्रश्न तीन-तीनदा विचारणारी मी, तुला मात्र दुसऱ्यांदा विचारलं नाही. जीव होता ना तुझ्यावर!

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर उत्तर तयार करून येशील. उद्या तू पहिल्या रांगेत असशील आणि माईक माझ्या हातात.

त्यातलं न कळणारी,
सरोजिनी