योसेफच्या हातांवरचा उजेड

प्रिय इनेसताई,

तुमच्या मठाने बाबांकडून मागवलेलं पवित्र कुटुंबाचं चित्र पुरं झालं. गुरुवारी गाडीतून तुमच्या दारात येईल. मरिया सूत गुंडाळते आहे, योसेफ रंधा मारतो आहे आणि बाळ येशू लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आडवे ठेवून खेळतो आहे. तो क्रूस आहे हे बाळाला कळत नाही. आईला कळतं, म्हणून तिचा हात थांबलाय.

तुझ्यापासून लपवलेलं आता सांगते. उन्हाळ्यापासून बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. करारात तर लिहिलंय की चेहरे उस्तादाने, म्हणजे बाबांनी, स्वतःच रंगवावेत. ते मी रंगवले. बाबा मागे बसून चिडवायचे, "तुझा योसेफ उपाशी दिसतोय गं, त्याला काहीतरी खाऊ घाल." मी कराराचं काढलं की म्हणायचे, "मनगट तुझं, शिकवण माझी. म्हणजे हात माझाच." हे माझ्या गळी कधी उतरलं नाही.

उजेडाचा शेवटचा पांढरा रंग आपल्या घरात बाबाच लावतात, तो त्यांनी लावला. उजेड बाळाच्या चेहऱ्यातून फाकायला हवा, हे आपण दोघी लहानपणापासून ऐकत आलो. त्यांनी अंदाजाने कुंचला टेकवला तो योसेफच्या हातांवर. बोटं, रंधा, ढलप्या, सगळं उजळलं आणि बाळ सावलीतच राहिलं. पुसायला मी फडकं उचललं, तेवढ्यात पाद्री बेर्नाबे चित्र तपासायला आले. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "बाळाचं तेज आधी कष्टाच्या हातांवर पडलं! उस्ताद, हे तुम्हालाच सुचावं." बाबांनी मान लववली. आपला कुंचला कुठे गेला, हे त्यांना तेव्हा कळलं.

मी फडकं खाली ठेवलं, कारण चित्र खरंच चांगलं झालंय. पण तुम्ही सगळ्याजणी रोज त्याच्यापुढे गुडघे टेकणार, आणि ते खोट्या नावाने तिथे असणार, हे मला चालणार नाही.

म्हणून हे पत्र. गाडी येण्याआधी मठमातेला ते जसंच्या तसं वाचून दाखव. चेहरे धाकट्या मुलीचे आहेत, उजेड बाबांचा आहे आणि तो चुकून पडलाय. नको असेल तर चित्र परत पाठवा, मी उतरवून घेईन. आज सकाळी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लिही. पण माझी चूक नीट लिही, सांभाळून घेऊ नकोस." मी घेतली नाही. तूही घेऊ नकोस.

हट्टी, पण तुझीच,
कासिल्दा