माउंडशेजारची पाटी

प्रिय दत्ता,

पत्र बघून चकित होशील. पण फोन केला की तू शिफ्टला निघालेला असतोस, आणि विषय अडचणीचा निघाला की कालगुर्लीच्या खाणीवरचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. निदान मला मधेच तोडता तरी येणार नाही तुला.

इकडे घरी, टार्निटमध्ये, सगळीकडे तुझीच चर्चा आहे. मराठी मंडळाच्या ग्रुपवरचा तुझा मेसेज वाचला. 'आमच्या लेकीच्या, उर्वीच्या सन्मानार्थ बेसबॉल ग्राउंडवर पितळी पाटी बसते आहे, शनिवारी दुपारी सहकुटुंब यावे.' मंडळातल्या हृषिकेशने लगेच शाल-श्रीफळाची जबाबदारी घेतली, आणि तू म्हणे माउंडवर, ती बॉल टाकायची त्या मातीच्या उंचवट्यावर, नारळ फोडणार आहेस. क्लबच्या प्रेसिडेंट बाईंनी मला हळूच विचारलं, नारळाच्या पाण्याने गवत जळत नाही ना? मी म्हटलं, नो वरीज, गवताला काही होत नाही. पाटीवर काय आहे तेही तू ग्रुपवर टाकलंस: याच माउंडवरून उर्वीने मुलींच्या स्टेट फायनलमध्ये समोरच्या टीमला शेवटपर्यंत एकही हिट मारू दिली नाही. खरंच आहे ते. शेवटचा बॉल पिच करून ती कोपर धरून खाली बसली, ते मात्र पाटीवर नाही. असणार तरी कसं?

आठवतं, तिने पहिल्यांदा बेसबॉल निवडला तेव्हा तू आठवडाभर तोंड फुगवून बसला होतास? हा कसला खेळ, दांडपट्टा फिरवल्यासारखा, म्हणाला होतास. मग ट्रेव्हरने तिचा हात बघितला. तो म्हातारा कोच मला म्हणाला होता की असा खांदा त्याने वीस वर्षांत पाहिला नाही. तेव्हापासून तू असा काही अंगात आल्यासारखा मागे लागलास की विचारू नकोस. पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, हाताला खेळानंतर ठरावीक दिवस विश्रांती द्यावीच लागते, हा त्यांचा नियम. तुला तो नियम म्हणजे गोऱ्यांचे लाड वाटायचा. म्हणायचास, आम्ही कॉलेजात सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये बोलिंग टाकायचो, काही झालं का आम्हाला? बोलर टाकून टाकूनच घडतो. किती वेळा ऐकलंय मी हे! बार्बेक्यूला जमलेले तुझे सगळे मित्र माना डोलवायचे. सगळे क्रिकेटवाले. एकानेही कधी बेसबॉल हातात धरलेला नाही.

आणि मग तो हात गेला. दोन ऑपरेशन्स झाली, तरी उर्वीचं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, हे तुला माहीत आहे. काय माहीत नाही ते सांगते. ती बरणीचं झाकण डाव्या हाताने उघडते. वेणी घालायला लागू नये म्हणून केस कापून टाकले. युनीमधल्या वर्गमैत्रिणींना तिने सांगितलेलंच नाही की ती कधी खेळायची. तू तेव्हा काय केलंस? क्लबच्या कमिटीसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, ट्रेव्हरने ट्रॉफीच्या हव्यासापायी माझ्या मुलीला वापरून घेतलं, दमलेली दिसत असूनही बाहेर काढलं नाही. त्या माणसाने क्लब सोडला. तो नंतर आपल्या दाराशी आला होता, हातात लझानियाचा ट्रे घेऊन. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून मी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढच्याच वर्षी तू माइनची नोकरी धरलीस. मला वाटलं, लेकीचं दुःख बघवत नाही बिचाऱ्याला. बिचारा! हसू येतं आता माझंच मला.

गेल्या मंगळवारी क्लबने पाटीचा फोटो पाठवला. उर्वी चहा करत होती. मी कौतुकाने फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं, गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसली. मला वाटलं, जुन्या आठवणीने रडतेय. मग ती म्हणाली, "आई, फायनलच्या आदल्या दिवशी पण मी पिच केलं होतं. जीलॉन्गला, दुसऱ्या क्लबसाठी. ट्रेव्हरला सांगू नकोस असं बाबा म्हणाले. अँड आय डिडन्ट."

दत्ता, त्या शनिवारी माझी हॉस्पिटलात शिफ्ट होती. संध्याकाळी तुम्ही दोघं घरी आलात आणि मला सांगितलंत की तिच्यासाठी शूज बघायला गेलो होतो, साइज मिळाली नाही. मी तिला गरम गरम वरणभात वाढला. तिने डाव्या हाताने चमच्याने खाल्ला, आणि मी तिला हसले, म्हटलं, फॉरिनर झालीस का गं! दुसऱ्या दिवशी ट्रेव्हरने ग्राउंडच्या जाळीपाशी येऊन, माझ्यासमोर, तुला विचारलं होतं, काल टाकलंय का हिने? तू नाही म्हणालास. किती सहज म्हणालास! ती सतरा वर्षांची होती. तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या पोरीने पाच वर्षं तोंड मिटून ठेवलं, आणि ट्रेव्हरवर आलेला खोटा आळ तिलाच खात राहिला. तिचा हात तू घालवलास ते एक वेळ मी चूक म्हणेन. क्रिकेटच्या खुळापायी झालेली चूक. पण हे दुसरं केलंस त्याला मला शब्द सापडत नाही.

आता मुद्द्याचं. शनिवारी पाटीवरचा पडदा ट्रेव्हर काढणार आहे. उर्वी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आली. त्याच्यापाशी ती सगळं बोलली, आणि त्याने तिला एवढंच विचारलं म्हणे, की आता दुखतं का. नंतर माइक तिच्या हातात असेल आणि ती सगळ्यांसमोर सांगणार आहे, तुझ्या शालीसमोर, नारळासमोर, अख्ख्या मंडळासमोर. तुला आधी कळवावं की नाही, यावर ती दोन दिवस झोपली नाही. शेवटी म्हणाली, "बाबांना फर्स्ट चान्स दे. त्यांनी स्वतः सांगितलं तर मी माइक नाही घेणार." हे पत्र तिच्यासाठी लिहिलंय, दत्ता. माझ्यावर असतं तर तुला कळूही दिलं नसतं, तसाच शाल पांघरून उभा केला असता. पर्थहून सकाळची फ्लाइट मिळते. नारळ आणू नकोस. सरळ ट्रेव्हरपाशी जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल.

खाली 'तुझीच' लिहायला विसरलेले नाही. ते शनिवारी बघू.

विनीता