उरलेल्या फळ्यांचा पलंग

कर्जत, ९ फेब्रुवारी

सासरी येऊन आठवडा होतोय आणि आज माझ्या आवडीचं काम हाती आलं! परवेझनं आम्हा दोघांसाठी स्वतः पलंग ठोकलाय, पॉलिश मी करणार. आमच्या अब्बांचा नगरला हाच धंदा. दिवसभर ओसरीवर पॉलिश पेपरनं घासत बसले. मेंदीवर भुसा चढला. परवेझ नुसता हसत होता.

१० फेब्रुवारी

अक्रोडी स्टेन मारला. पलंगाच्या कडा झकास रंगल्या. मधल्या फळ्या मात्र रंग पितच राहिल्या, अर्धा डबा रिकामा झाला तरी कोऱ्याच. थंडीमुळे असेल. परवेझ म्हणाला मजबुती बघतो, आणि दुपारभर त्यावरच घोरला.

१२ फेब्रुवारी

सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, मधल्या फळ्या ओळखल्या. परवेझच्या चुलत्यांच्या कबरीत, मयतावर माती पडू नये म्हणून आडव्या टाकायला आणल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या. अशा फळ्या कब्रस्तानातच ठेवतात, पुढच्या मयतीला लागतात. यानं घरी आणल्या. चांगलं लाकूड वाया कशाला घालवायचं, म्हणे.

"आरं, दुसऱ्याच्या हक्काच्या हायेत त्या," एवढंच अम्मी बोलल्या. मला भयंकर राग आला. निदान मला तरी सांगायचं.

परवेझची पाठ बधिर झालीय.

१४ फेब्रुवारी

फळ्या अजून कोऱ्या. परवेझची पाठ अक्रोडी. थिनरनं पुसली, त्याला गारही लागलं नाही. मग पॉलिश पेपर — हळूच. भुसा पडला. मी तो झाडून टाकला आणि भाकरी टाकायला गेले. घाबरायला हवं होतं. जमलं नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, रंगाची अ‍ॅलर्जी. गोळ्या दिल्या. घरी आल्याबरोबर परवेझ पुन्हा पलंगावर. नको म्हटलं, हात धरून ओढलं. म्हणाला, इथंच बरं वाटतं.

१७ फेब्रुवारी

उठत नाही. उठताच येत नाही. पाठ कुठं संपते, फळी कुठं सुरू — बोट फिरवलं तरी कळत नाही. बोलणंही बंद. अम्मी म्हणतात, फळ्या परत केल्या की याला सोडतील.

१८ फेब्रुवारी

भावकीतली माणसं आलीत. खिळा उपटायला गेले तर परवेझचं तोंड उघडलं. आवाज नाही. मीच थांबवलं.

आता म्हणतात, अख्खा पलंगच कब्रस्तानात नेऊ. खांदे लावलेत. त्याच्याकडे कुणी बघत नाही, फळ्याच बघतात. श्वास आहे. मी सगळ्यांना सांगितलं, श्वास आहे. अम्मींनी दार उघडलं. बाहेरची माणसं रस्ता सोडून उभी राहिली, टोप्या घालून — अहो, तो बघतोय माझ्याकडे, तो अजून —